होडी धक्क्याला कशी आली?

१

"नारळ गेलो! दर्याचो नारळ गेलो!"

नारळी पौर्णिमेच्या दुपारी सागरतारा मच्छीमार मंडळाच्या हॉलमधून ही बोंब उठली आणि बघता बघता अख्ख्या बंदरावर पसरली. परक्या माणसाला हसूच येईल. जिथे मान वर केली की नारळ दिसतो, त्या मालवणात एका नारळाची ती काय चोरी? पण हा नारळ साधा नव्हता. सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळी कवचात तो बसवलेला. संध्याकाळी वाजतगाजत न्यायचा, दर्याला अर्पण करायचा, आणि मग दुसऱ्या दिवशी पहाटे होड्या पाण्यात लोटायच्या. पावसाळाभर किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या होड्या आणि घरात बसून कंटाळलेले खलाशी, सगळे त्याचीच वाट बघत होते.

फौजदार स्वप्ना हडकर बंदरावर बंदोबस्ताला होती. हातातला सोलकढीचा पेला तसाच टाकून ती धावत सुटली. हॉलमध्ये शिरली तर चार जणांनी बाबलीची गचांडी धरलेली.

"सोडा त्याला!" ती कडाडली. "काय झालं ते एकाने सांगा."

पुढे आला दत्तप्रसाद, मंडळाचा अध्यक्ष आणि दोन मोठ्या होड्यांचा मालक. "मॅडम, लाईट गेली. काळोखात हा आत घुसला. लाईट आली तेव्हा ह्याचा हात देखाव्याच्या कठड्यावर होता. पडदा लावलेला. मी पडदा ओढून बघतो तर नारळ गायब!"

"माका वाटला खंय ठिणगी पडली," बाबली रडकुंडीला आला होता. "वायरिंग माझा. म्हणान धावत इलंय. देवाशप्पथ, मी नारळाक हात लावूक नाय!"

बाबली मासेमारीच्या दिवसांत दत्तप्रसादच्या होडीवर खलाशी, आणि पावसाळ्यात बंदी असली की गावभर वायरमन. त्याची झडती झाली होती. पिशवीत पक्कड, टेस्टर आणि चिकटपट्टीशिवाय काही निघालं नव्हतं. पण संशयाला पुरावा कुठे लागतो?

"मगे नारळ उडान गेलो?" दत्तप्रसादची शुद्ध मराठी रागात वाहून गेली. "उद्या माझ्या होडयेर पाय ठेवशीत तर बघ! दर्याच्या नारळाक हात घालणाऱ्याक ह्या बंदरात कोण घेतलो रे?"

बाबलीचा चेहरा पांढरा पडला. हे नुसतं धमकावणं नव्हतं. एकदा हा डाग लागला की रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत कुठली होडी त्याला घेणार नव्हती, आणि समुद्रावाचून त्या माणसाला दुसरं काही सुचत नव्हतं.

"मिरवणूक निघेपर्यंत बाबली माझ्या ताब्यात," स्वप्ना म्हणाली. "तोवर देखाव्याला कोणी बोटसुद्धा लावायचं नाही."

२

स्वप्नाला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दारूच्या भांडणांचे जबाब लिहून कंटाळलेल्या फौजदाराच्या वाट्याला असं कोडं रोज येत नाही.

देखावा मोठा झोकात केला होता. खिडक्यांना काळं कापड लावून हॉल अंधारा केलेला. मधोमध पाण्याचा हौद, त्यातही नळाचं पाणी नाही. खास दर्याचं, हंडे भरभरून आणलेलं. हौदात एक बेट, बेटावर पितळी ताट, आणि ताटात नारळाची जागा. बेटाभोवती एक टीचभर होडी सतत फिरायची, मागे दीपस्तंभाचा दिवा गरगरायचा. सगळा कारभार एका छोट्या कॉम्प्युटरवर.

स्वप्नाने हौदाभोवती फेरी मारली. होडी लाकडी धक्क्याला लागून उभी होती. दीपस्तंभाचं तोंड समोर, लोकांकडे. ताट ओलं होतं. तिने त्यात बोट बुडवलं, सवयीने जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. हौदामागे एक खोली होती. तिथे संध्याकाळच्या नारळ लढवण्याच्या स्पर्धेसाठी नारळांच्या गोणी रचलेल्या.

लाईट गेली तेव्हा हॉलमध्ये एकच माणूस होता. हरिश्चंद्र तांडेल. वय झालं तरी काठीसारखा ताठ. दर्याचा नारळ दरवर्षी तोच निवडायचा. कानाशी धरून हलवायचा, नखाने टिचकी मारायचा, आणि 'ह्यो' म्हणाला की तो नारळ ठरला. त्याच्या शब्दावर होड्या सुटायच्या आणि थांबायच्या.

"काका, तुम्ही इथेच होतात?"

"होय तर. सकाळी दांडयेच्या किनाऱ्यार होडयांची पूजा करूक गेलेलंय. दुपारी थंयसून इलंय तो हय खुर्चयेर बसलंय. देखावो बघी होतंय."

"मग?"

"मगे काय! होडी ती अशी बेटाच्या मागे गेली आणि फाटकन काळोख. कोणतरी धावत इलो. माका म्हाताऱ्याक काय दिसता काळोखात?"

"आणखी काही ऐकू आलं?"

"नाय बा."

तांडेल खांद्यावरचा पंचा सावरत बाहेर गेला. स्वप्ना परत हौदाकडे वळली. बेटाच्या मागे? तिने होडीला बोटाने ढकलून पाहिलं. होडी हलेना. जोर लावला, तरी हलेना. खाली दातेरी चाक घट्ट बसलं होतं. मोटर फिरल्याशिवाय ती पुढेही जाणार नव्हती आणि मागेही येणार नव्हती.

होडी बेटामागे असताना वीज गेली, तर काळोखात ती धक्क्याला कशी आली?

३

"अक्षयाला बोलवा!"

देखाव्याचा प्रोग्राम लिहिणारी अक्षया घरी जेवायला गेली होती. कणकवलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी ही चुणचुणीत मुलगी तोंडातला घास गिळतच आली.

"मला एवढंच सांग," स्वप्ना म्हणाली, "लाईट गेल्यावर होडी कुठे थांबते?"

"असेल तिथे. करून दाखवू?"

अक्षयाने देखावा चालू केला. होडी निघाली, दिवा फिरू लागला. होडी बेटाच्या आड गेली तशी स्वप्नाने मेन स्विच खाली ओढला. होडी बेटामागेच अडकली. दिव्याचं तोंड भिंतीकडे. पडदा सताड उघडा.

"आणि तू स्वतः बंद करतेस तेव्हा?"

"लाल बटण दाबते." परत सगळं चालू करून अक्षयाने बटण दाबलं.

भोंऽऽऽ! हॉल दणाणून टाकणारा शंख वाजला. स्वप्ना केवढ्याने दचकली! मग दिवा फिरत फिरत समोर येऊन थांबला. होडी टुकूटुकू धक्क्याला आली. वळताना, दर फेरीला उडवायची तसं, तिने थोडं पाणी ताटात उडवलं. शेवटी पडदा सरसर मिटला.

"हे सगळं तू आता केलंस?"

"छे! मी फक्त 'थांब' म्हटलं. बाकीचं तो आपणहून करतो. प्रोग्राम सुरू होतानाच मी त्याला सांगून ठेवलंय की बाबा रे, जाताना एवढं आवरून जा. तो लक्षात ठेवतो आणि संपायच्या क्षणी एकेक काम उरकतो. मला हाक मारावी लागत नाही."

"आणि वीज गेली तर?"

"मग कोण आवरणार? अंथरुणातच प्राण गेलेला माणूस उठून दाराला कडी घालतो का? आवराआवर फक्त धड निरोप घेऊन जाणाऱ्याची. तेही उलट्या क्रमाने. ताटं एकावर एक रचली की वरचं आधी उचलतो ना, तसं. पडदा मी सगळ्यात आधी सांगितलेला म्हणून तो शेवटी. शंख आज सकाळी, सगळ्यात शेवटी घातला, म्हणून तो पहिला."

"आज सकाळी?"

"अध्यक्षांची हौस. त्यांनी स्वतः फुंकला, मी तो भरून घेतला, बाबलीने स्पीकर लावला. आम्ही तिघंच होतो. संध्याकाळी लोकांना चकित करायचं होतं."

स्वप्नाला टाळी वाजवावीशी वाटली. म्हणजे देखावा विजेने बंद पडलाच नव्हता! आधी कोणीतरी लाल बटण दाबलं, पडदा मिटू दिला, त्याच्या आडून नारळ उचलला. वीज गेली ती त्यानंतर. काळोखात धावत आलेला बाबली रिकाम्या ताटापाशी पोचला होता.

दारात उभ्या दत्तप्रसादने हे ऐकलं मात्र, तो अक्षयावरच घसरला. "म्हणजे हिनेच! बटणाची अक्कल दुसऱ्या कोणाला आहे इथे?"

अक्षयाचे डोळे भरून आले. "मी बटण सगळ्यांना दाखवलंय. तुम्हाला, बाबलीला, तांडेलकाकांना. मी नसले तर बंद करता यावं म्हणून."

चार माणसं, एक बटण. कोडं सुटायच्या ऐवजी रुंद झालं.

४

हॉलसमोरच्या घरात नर्मदाकाकी राहायच्या. नारळ लढवण्यात गेली कित्येक वर्षं त्यांचा हात कोणी धरला नव्हता. आजही त्या नऊवारी खोचून लढाईला निघाल्या होत्या.

"काकी, लायट तुमच्याकडेय गेली?" स्वप्नाने घरच्या बोलीत विचारलं.

"गेली तर! आख्ख्या वाडीची गेली. कोणी मुद्दाम काय घालवल्यान नाय, रोजचाच मरण ता. पण तुमच्या त्या आरतयेचा काय झाला गो?"

"कसली आरती?"

"शंख वाजलो नाय? मी म्हटलंय, माका सोडून आरती सुरू केल्यानी मेल्यांनी! हात धुतलंय, लुगडा बदललंय, उंबऱ्यार इलंय, तेवा पंखो बंद पडलो."

स्वप्नाने काकींचा हातच धरला. शंख आधी, लाईट नंतर, आणि मधे लुगडं बदलण्याएवढा वेळ! नारळ उचलायला तेवढा वेळ पुरून उरतो.

"आता सोड माका," काकी म्हणाल्या. "नारळांची गोणी टेंपोत चढयली, बंदरार सगळी वाट बघतत."

टेंपो धुरळा उडवत गेला. स्वप्ना धावतच हॉलकडे परतली. दत्तप्रसाद आणि बाबलीला तिने वेगवेगळं गाठलं. लाईट जायच्या आधी दोघे व्हरांड्याच्या दोन टोकांना होते आणि दोघांनीही शंख ऐकला होता. अक्षया जेवून आली असेल, वाजवून बघत असेल, असं दोघांनाही वाटलं होतं.

म्हणजे रस्त्यापलीकडच्या काकींना शंख ऐकू आला. व्हरांड्यातल्या दोघांना आला. आणि स्पीकरपासून हातभर अंतरावर खुर्चीत बसलेल्या माणसाला मात्र काहीच ऐकू आलं नव्हतं!

५

तिने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. अक्षयाने देखावा चालू केला. होडी गरगर फिरू लागली.

"चोराने लाल बटण दाबलं," स्वप्ना म्हणाली. "का? कारण होडी फिरत असताना बेटापर्यंत हात पोचत नाही, आणि पडदा मिटला की कोणाला दिसत नाही. पण बटण दाबलं की पहिला शंख वाजतो. गुपचूप काम करणारा माणूस गावभर शंख फुंकून करेल का? अध्यक्षांना शंख ठाऊक होता, तो त्यांचाच. अक्षयाला ठाऊक होता. बाबलीनेच स्पीकर लावला. ह्या तिघांपैकी कोणाला नारळ न्यायचा असता, तर त्याने सरळ वायर उपटली असती. बटण त्यानेच दाबलं, ज्याला शंखाचा पत्ता नव्हता. जो सकाळी इथे नव्हता. दांडीवर होता."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. कोणाचाही विश्वास बसेना.

"काका," स्वप्नाचा आवाज आपोआप खाली आला, "होडी बेटामागे होती म्हणालात. ती धक्क्याला होती. शंख ऐकला नाही म्हणालात. रस्त्यापलीकडे ऐकू आला."

हरिश्चंद्र तांडेल एक पाऊल पुढे आला. मग त्याने खांद्यावरचा पंचा सोडला. त्यात गुंडाळलेल्या सोनेरी कवचाच्या दोन वाट्या खणकन जमिनीवर पडल्या.

"मी चोर नाय," तो म्हणाला. "नारळ फुटलो. ह्या दिव्यांच्या गरमेन तडकलो. ताटात पाणी गळला होता, मी ह्या डोळ्यांनी बघलंय. फुटको नारळ दर्याक दितंत? लोक म्हणतले, तांडेलाचो कान गेलो. होडये कोण सोडतलो? म्हटलंय, गुपचूप दुसरो घालया. बटण दाबलंय आणि तो मेलो शंख! तरी नारळ काढलंय. तितक्यात लायट गेली, बोंब झाली, बाबलीक धरल्यानी. आता सांगतंय, मगे सांगतंय... असा करता करता माझा तोंड उघडाकच नाय."

बाबली बघतच राहिला.

"काका," स्वप्नाने विचारलं, "ताटातलं पाणी तुम्ही चाखलंत?"

"नाय."

"मी चाखलं. खारट होतं."

"मगे?" तांडेलाने विचारलं.

"नारळाचं पाणी कधी खारट असतं का, काका? ते हौदातलं. होडी वळताना उडवते, मघाशी मी बघितलं. तुमचा नारळ धडधाकट आहे!"

जन्मभर खाऱ्या पाण्यावर काढलेल्या माणसाने घाबरून जिभेला एक थेंब लावला नव्हता. म्हातारा मटकन खाली बसला, आणि दुसऱ्याच क्षणी ताडकन उठला.

"अरे देवा! मी तो मागच्या खोलीत गोणयेत टाकलंय! लढवच्या नारळांत!"

मागची खोली रिकामी होती. गोणी टेंपोतून बंदरावर पोचल्या होत्या, आणि तिथे बायका एकेक नारळ उचलून फोडत होत्या.

६

मग जी पळापळ झाली ती विचारू नका. पुढे फौजदार, मागे बाबली, त्याच्या मागे धोतराचा सोगा तोंडात धरलेला तांडेल, कवच सांभाळत अक्षया, आणि सगळ्यांत मागे धापा टाकणारा दत्तप्रसाद. वाटेत स्वप्नाने ओरडून विचारलं, "नारळ ओळखायचा कसा?"

"शेंडी कातरलेली! नायतर कवच बसना नाय!" तोंडातला सोगा सोडून तांडेल ओरडला.

बंदरावर तोबा गर्दी. एकीने नारळ धरायचा, दुसरीने आपल्या नारळाने त्यावर हाणायचं, फुटला तो हरला. वाळूत करवंट्यांचा खच पडला होता. स्वप्नाने खच उपसायला घेतला. कातरलेली शेंडी कुठे दिसेना.

रिंगणात आता दोघीच उरल्या होत्या. नर्मदाकाकींनी हात उगारला होता, आणि त्यांच्या मुठीतल्या नारळाला शेंडी नव्हती.

"काकी, थांबा!" स्वप्ना किंचाळली.

काकी थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. खाडकन आवाज झाला. समोरचीच्या हातात नारळाची दोन शकलं झाली, पाणी वाळूवर उडालं. लोकांनी एकच गिल्ला केला.

काकींचा नारळ तसाच्या तसा होता.

तांडेल रिंगणात शिरला. त्याने नारळ घेतला, कानाशी धरला, हलवला, टिचकी मारली.

"साबूत आसा," तो म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

"अरे पण तो माझो नारळ!" काकी ओरडल्या. "सगळ्यांक हरयल्यान तेना!"

तांडेल बाबलीकडे वळला. "बाबली, माका माफ कर. आज नारळ तू सोड. माझो मान तुका."

बाबलीने नारळाला हात लावला नाही. "काका, न्हानपणापासून तुमी माका वळखतास. तुमच्या डोळ्यांसमोर माका चोर म्हटल्यानी आणि तुमी गप रवलास. मान नको माका. जितक्या लोकांनी माका चोर म्हटलेला आयकला, तितक्यांसमोर आधी सांगा."

तांडेलाने मान डोलावली. स्पर्धेचा माईक हातात घेतला आणि ज्याच्या शब्दावर होड्या सुटायच्या त्या माणसाने भर बंदरावर सगळं सांगितलं. खारट पाणीसुद्धा वगळलं नाही. सांगून झाल्यावर त्याने अक्षयाकडून कवच घेतलं, नारळ पुसून त्यात बसवला, आणि मग तो बाबलीसमोर धरला.

"शेवटचं आधी. गप्प राहणं शेवटचं, ते पहिलं आवरलं," अक्षया स्वप्नाच्या कानात पुटपुटली. स्वप्नाने डोळे पुसले.

आता बाबलीने नारळ घेतला. दुसरी बाजू मात्र त्याने तांडेलाच्या हातात दिली, आणि दोघांनी मिळून तो दर्याला अर्पण केला. ताशे कडाडले, होड्यांचे भोंगे वाजले. काकी तेवढ्या लाटांकडे बघून म्हणाल्या, "दर्यादेवा, तुका दिलंय हां. आणि कोणाक दिलंय नसतंय."

गर्दीतून वाट काढत दत्तप्रसाद आला. त्याला बाबलीच्या डोळ्याला डोळा देता येईना. "चुकलंय रे. उद्या फाटे होडयेर ये."

बाबलीने आधी हातापायांची वाळू झटकली.

"येतंय," तो म्हणाला. "पण आधी हॉलात जावन लाल बटण दाबूक व्हया. आपण सगळे पळान इलंव आणि ती होडी बिचारी अजून फिरतासा. तिकाय धक्क्याक लावया."